पाठवणाऱ्याचं नाव

"पाठवणाऱ्याचं नाव आम्हाला सांगता येत नाही," असं सेरिननं परत एकदा लिहिलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मोकपोहून लिहिणाऱ्या त्या वयस्क बाई फोनवर एकेक अक्षर शोधत असाव्यात.

भानगड तशी साधी होती. कोरियात मे महिन्यात येणारा आईवडिलांचा दिवस नुकताच होऊन गेला होता. त्या दिवशी लेकरांनी आईबापांना कार्नेशनची फुलं द्यायची, जमेल ती भेट द्यायची. या बाईंच्या दारात गुडघ्याला शेक देणारा पट्टा येऊन पडला होता आणि खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. भेट देणाऱ्यानं नाव गुप्त ठेवा म्हटलं, की भेटवस्तू विकणारी ही साइट ते गुप्त ठेवायची. निदान तसं तिच्या पानावर लिहिलेलं तरी होतं.

गिऱ्हाइकांच्या खाजगी माहितीबद्दलचे प्रश्न दाएजॉनच्या कचेरीत सेरिन आणि ग्वोनताई या दोघींकडे यायचे. उत्तर देणाऱ्याचं नावही गिऱ्हाइकाला दिसायचं नाही, नुसतं 'सल्लागार' एवढंच दिसायचं. त्यामुळे बाई तिला 'साहेब' म्हणत होत्या. सेरिननंही त्यांना दुरुस्त केलं नाही.

"साहेब, हा माझ्या लेकीनंच पाठवलाय," बाईंनी लिहिलं. "तीन वर्षं तिचा ठावठिकाणा नाही. कुठे आहे तेवढं सांगा. पाया पडते."

सेरिननं तो मजकूर पुन्हा वाचला. तिनं 'तुमची अडचण समजते' असं लिहून खाली तेच जुनं वाक्य जोडलं.

शेजारून ग्वोनताई डोकावली. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. दुसऱ्याच्या आईचं नाव निघालं तरी रडणारी बाई ती.

"अगं, नोंद उघडून बघ तरी," ती म्हणाली. "शहराचं नाव सांगितलंस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"नोंद उघडायची गरज नाही."

"दगड आहेस नुसती. स्वतःच्या आईशीही असंच बोलतेस का गं?"

आभाळ कसं कोसळतं ते दोघींनाही ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात इथल्याच एका पोरानं एका गोडबोल्या भावाला त्याच्या बहिणीचा पत्ता सांगितला होता. बहीण त्या भावाच्याच भीतीनं घर सोडून आली होती. पुढे ती इस्पितळात सापडली. पोराची नोकरी गेली, पण तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हा साऱ्या कचेरीनं कानाला खडा लावला होता. ग्वोनताईचा खडा एव्हाना गळून पडला होता, इतकंच.

"तुला जमत नसेल तर मला दे. मी बोलते त्यांच्याशी."

"नको. मी घेतलंय ना."

"तेच म्हणते मी. पाळी माझी होती. मध्येच झडप घालून घेतलंस, आता भोग."

बाई काही सहजासहजी हार मानणाऱ्या नव्हत्या. आधी म्हणाल्या, पट्टा बिघडलाय, ज्याचा त्याला परत पाठवते, पत्ता द्या. परत पाठवायचा तर आमच्या गोदामात पाठवा, असं सेरिननं कळवलं. मग बाईंचं ऑपरेशन निघालं, सही करायला लेक हवी होती. तेही चाललं नाही, तेव्हा नवरा अंथरुणाला खिळला. लेकीचं तोंड बघायला त्याचा जीव घुटमळतोय म्हणाल्या. मग पोलिसांत जायची धमकी आली. सगळ्यांना सेरिननं एकच उत्तर दिलं. टाइप करताना दोनदा तिची अक्षरं चुकली.

आणि मग अगदी गरीब चेहऱ्याचा प्रश्न आला. "पत्ता नको, साहेब. ती बुसानला असते ना? नुसतं हो की नाही सांगा."

सेरिनला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. 'नाही' म्हटलं तरी शोधणाऱ्याच्या यादीतलं एक शहर कमी होणार होतं. तिनं ताकास तूर लागू दिली नाही. हो किंवा नाही, काहीच सांगता येणार नाही, असं तिनं लिहिलं.

"आतडं पिळवटतंय बाई माझं," असं म्हणत ग्वोनताई कॉफी आणायला उठली.

बाई गेल्या असं सेरिनला वाटलं. मग एक लांबलचक मजकूर आला.

"साहेब, राग मानू नका. पट्टा छान चालतोय. ऑपरेशन नाही की काही नाही, आणि नवरा चांगला धडधाकट आहे. तेच तर दुखणं आहे. खोकं त्यानं बघितलंय. उद्या तो स्वतः तुम्हाला लिहिणार. काय काय थापा मारेल ते मला पाठ आहे, म्हणून त्याच्याआधी मीच सगळ्या मारून बघितल्या. लेक या वेळी त्याच्या हाती लागली तर वाचायची नाही. तुम्ही बधला नाहीत. देव तुमचं भलं करो. आता हे सगळं फोनमधून पुसून टाकते."

सेरिननं मान वळवून पाहिलं. ग्वोनताई अजून कॉफीच्या मशीनपाशीच होती. सेरिननं घाईघाईनं टाइप केलं.

"पुसायच्या आधी एवढं वाच. पट्टा उघड्या गुडघ्यावर बांधू नकोस. मागे तुला गरम पाण्याच्या पिशवीनं पोळलं होतं, तेव्हा रात्रभर फुंकर घालत मीच बसले होते."