कर्षणरेखेची परीक्षा

राज्यभाषेच्या इतिहासात काही सकाळी अमर होतात. ही त्यांतलीच, फक्त अध्यक्षांचा फेटा बांधावरच्या बोरीत अडकला होता.

कोश समिती बडोद्याहून टांग्याने छाणीला आली होती. ‘फरो’ या इंग्रजी शब्दापाशी तिचं काम अकरा दिवस तटलं होतं. शेतात नांगर फिरला की उमटते ती ओळ म्हणजे फरो, कपाळावरची आठी म्हणजेही फरो, आणि जहाजामागे पाण्यात उरणारी रेघ तीही फरो. अध्यक्ष श्रीपतरावांनी तिन्हींना पुरून उरेल असा एक शब्द घडवला होता: कर्षणरेखा.

“इथले पटेल चास म्हणतात. तेच लिहू या ना,” सभासद मोहनराव टांग्यातही म्हणत होते.

“मग कोशही पटेलांनाच करू द्या!”

सयाजीराव महाराजांच्या राज्यात सरकारी शब्द रयतेला कळला पाहिजे, म्हणून समितीने नियम केला होता. त्या त्या धंद्यातल्या माणसासमोर शब्द उच्चारायचा, बोट दाखवायचं नाही. त्याने काम केलं तर शब्द पास. श्रीपतरावांचे एकोणीस शब्द सोनारापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी नापास केले होते. विसावा शब्दही नापास झाला तर अध्यक्षपद सोडीन, असं ते भर बैठकीत बोलून बसले होते.

शनाभाई पटेल बैल जुंपून, नांगर धरून उभा होता. श्रीपतरावांनी घसा साफ केला.

“शनाभाई, एक कर्षणरेखा काढा.”

शनाभाईने बैलांना टिचकारी दिली. थेट पलीकडच्या बांधापर्यंत, सुताने आखल्यासारखी सरळ ओळ उमटली.

“समजला!” श्रीपतराव ओरडले. जोडे काढून ते त्या ओळीतून चालत सुटले. मागून दोन सभासद टाळ्या वाजवत निघाले. अध्यक्षांच्या कपाळावर आज एकही कर्षणरेखा नव्हती.

मोहनराव शनाभाईजवळ आले. “काय हो, तो शब्द कळला कसा तुम्हाला?”

“कयो शब्द?” शनाभाईने घाम पुसला. “मी नांगर धरून उभा. साहेब बोलले, काढा. यातून दुसरं शुं निघणार?”

मोहनरावांनी दूर पाहिलं. श्रीपतराव टांगेवाल्याला मिठी मारत होते. मोहनरावांनी वही उघडली आणि लिहिलं, ‘शब्द पास. अध्यक्ष कायम.’

पुढचा शब्द ‘फ्यूज’ होता. परीक्षा वीजघरात होती.