पालकांची सही

गर्भनिरोधाच्या सल्ल्यासाठी दवाखान्यात येणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलींनी आधी पालकांची सही आणायची, हा नियम आरोग्य संचालकांनीच केला होता. तो रद्द करा, असं सांगायला संशोधक बाई तीन वर्षांच्या पाहणीचे कागद घेऊन बैठकीत आल्या होत्या.

"सहीसाठी परत पाठवलेल्या निम्म्या मुली पुन्हा आल्याच नाहीत, साहेब."

"म्हणजे नियम लागू पडला की!" साहेब हसले. "अहो, मीही दोन मुलींचा बाप आहे. पोरीची काळजी बापाला नाही, तर कोणाला असणार?"

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. बाईंनी वाद घातला नाही. "का आली नाहीस, असं आम्ही त्या मुलींना गाठून विचारलं. हे एका पंधरा वर्षांच्या मुलीचं उत्तर," म्हणत त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

वाचता वाचता साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पेन उचललं आणि समोरच्या कागदावरच्या नियमावर काट मारली. शेजारच्या सचिवांनी न राहवून तो कागद ओढून घेतला.

"घरी सही करणारे एकटे बाबाच आहेत. आणि मी दवाखान्यात गेले होते, ती त्यांच्यामुळेच."