तुळसेचा तोडगा

चंद्रभागेने कुडाच्या फटीला डोळा लावला, तेव्हा पलीकडे तुळसा पाठमोरी बसली होती. केस ओले होते. उजवा हात डोक्यामागे होता आणि डाव्या हाताची बोटं काखेपासून पुढे गोल गोल फिरत होती. तोंडाने देवाचं नाव चाललं होतं. चंद्रभागा हे सलग तिसऱ्या महिन्यात बघत होती. तुळसा बाहेरची झाली, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाली, की दार लावून हेच करायची. आणि दर वेळी उजवीकडेच.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे काही बरं नव्हे. चंद्रभागेलाही ते कळत होतं, पण तिला राहवत नव्हतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली, मध्ये कारवीचा कूड. थोरला मोरू हा चंद्रभागेचा नवरा, धाकटा महिपती तुळसेचा. दोघेही मुंबईला, वेगवेगळ्या गिरण्यांत. मोरू यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला, तोही पाहुण्यासारखा. महिपती मात्र दर तीन महिन्यांनी रजा टाकून हजर. बायकोला दोन दिवस मुंबईला घेऊन जायचा आणि परत आणून सोडायचा. घरी असला की विहिरीचं पाणी स्वतः भरायचा. पुरुष फिदीफिदी हसले तरी भरायचा.

तो नसला तरी तुळसेने कधी डोक्यावर हंडा घेतला नाही. एक कळशी घ्यायची, तीही उजव्या कमरेवर. लावणीच्या चिखलात तिचा पाय नाही. अंगात मुंबईच्या शिंप्याने शिवलेली सैल पोलकी. पौषात साऱ्या बायका सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्हायला निघाल्या, की ही म्हणणार, मला नाही यायचं, लाज वाटते. राणीसाहेबांना लाज वाटत होती आणि चंद्रभागा जळून कोळसा होत होती.

हा नवऱ्याला बांधून ठेवायचा तोडगाच, असं तिने मनाशी पक्कं केलं. चार वर्षांपूर्वी तुळसा हवा बदलायला म्हणून सहा महिने मुंबईला राहून आली होती. तिथेच कुणा जाणतीकडून शिकली असणार. महिपती बिघडला तो तेव्हापासूनच. मग तिला जे साधतं ते आपल्याला का साधू नये?

आपला चौथा दिवस आला तशी चंद्रभागेने न्हाऊन दार लावून घेतलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, तीन पोरं अंगावर पिऊन मोठी झाली होती, पण स्वतःच्या छातीला तिने असा सावकाश हात कधी लावला नव्हता. लुगड्यावरूनच पाणी घ्यायचं आणि खाली बघायचं नाही, ही आईची शिकवण. आपण पाप करतोय असंच तिला वाटलं. पण मोरू आठवला. तिने डोळे मिटले आणि तुळसेसारखीच बोटं फिरवली, उजवीकडेच. दुसऱ्या फेरीला बोटं अडली. फणसाच्या आठळीएवढं काहीतरी घट्ट लागलं. दाबलं तरी हललं नाही. दुखलंही नाही.

चंद्रभागेची पाचावर धारण बसली. मंत्र ठाऊक नसताना चोरून केलेला तोडगा उलटला होता. सांगणार कुणाला? मोरूला पत्र घालायचं तर ते शाळेतले गुरुजी लिहून देणार. गुरुजींपुढे ही गोष्ट तोंडातून काढायची कशी? शेजारणीला सांगावं तर दिवेलागणीपर्यंत वाडीभर होणार. दुखत नव्हतं म्हणून तिने आठ दिवस तसेच ढकलले. गाठ काही जाईना. शेवटी जिचा हेवा केला तिच्याच दारात जाणं आलं.

तुळसा तांदूळ निवडत बसली होती. चंद्रभागेने उंबऱ्यातच बसकण मारली आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. फट, तीन महिने बघितलेलं, गाठ, सगळं.

"तुझा सौंसार तुला लखलाभ गो," ती म्हणाली. "मला काय नको. फकस्त तुझा तोडगा काढून घे."

आता ही झिंज्या धरणार, असं तिला वाटलं. तुळसेने सूप बाजूला सारलं, तिला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

"दुखतंय काय, आक्का?"

"नाय."

तुळसेचा चेहरा उतरला. तिने चंद्रभागेचा हात धरला आणि आपल्या पोलक्यात, डावीकडे नेला. हाताला कापडाची घडी लागली. तुळसेने ती ओढून काढली. तिच्यामागे काहीच नव्हतं. नुसत्या फासळ्या होत्या, आणि काखेपर्यंत गेलेला टाक्यांचा वण.

"माझंबी दुखत नव्हतं," तुळसा म्हणाली. "लाजंपायी वरीसभर कुणाला दाखवलं नाय. मग डाक्टरनी सगळंच काढलं. उरलंय त्याला दर म्हयन्याला हात लावून बघायचं, आसं नर्सबायनं शिकवलंन, त्येच करते. दर तीन म्हयन्यांनी दाखवायला जाते. तू थांबू नको, आक्का. उद्या सकाळच्या यष्टीनं मुंबैला जाव. मी हाय संगती."

चंद्रभागेचा हात त्या वणावरच राहिला. चार वर्षं ती या बाईवर जळत आली होती. पण खरा हेवा तिला आज वाटला. तुळसा चार वर्षं जगली होती.