करवंट्यांचे घोडे

पडद्यावर घोडा चौखूर उधळला, पण टापांचा आवाज काही येईना. मैत्रेयीने पुन्हा पुन्हा कळ दाबली. तिने स्वतः रचलेला हा पहिला गेम सहाच्या आत स्पर्धेला पाठवायचा होता, आणि साडेपाच वाजून गेले होते.

भिंतीपलीकडच्या दत्तमंदिरात कीर्तन रंगात आलं होतं. ते सोडून शालनकाकू पुतणीपाशी बसल्या होत्या. गेममधल्या टापा त्यांनीच तर नारळाच्या करवंट्या पाटावर आपटून वाजवल्या होत्या!

"आवाज गेला म्हणतेस, पण गेला कुठे? सकाळी याच कॉम्प्युटरवरून मी मंदिराच्या नव्या ब्लूटूथ स्पीकरवर पद लावून पाहिलं, तेव्हा ठणठणीत होता."

"सगळं तपासलं गं, काकू." मैत्रेयीने रडवेल्या तोंडाने आणखी एकदा कळ दाबली.

पलीकडे टाळ-तबल्याचा गजर थांबला आणि बुवा म्हणाले, "आणि अभिमन्यू रथात चढला!" तोच मंदिरात टापा घुमल्या. बुवा थबकले. "तबलजी, हे तुम्ही?"

"नाही बुवा, माझे हात मांडीवर आहेत!"

सभामंडप खळखळून हसला. काकूंनी कान टवकारले. "अगं, या माझ्या करवंट्या!"

मैत्रेयीच्या लक्षात आलं. कॉम्प्युटर सकाळपासून मंदिराच्याच स्पीकरला जोडलेला होता. ती जोडणी तोडायला गेली, तोच बुवांचा आवाज आला, "असो! घोडे आलेच आहेत, तर निघूया."

काकूंनी तिचा हात धरला. "तोडू नकोस! वीस मिनिटं आहेत अजून. पळव घोडा, बुवा चक्रव्यूहाच्या तोंडाशी आलेत."