तपासणीचा दिवस

१९९४ साल. इंदापूर तालुक्यातली सातवीपर्यंतची शाळा. ऊसवाल्यांची मुलं वर्षभर वर्गात असायची. धनगरवस्तीवरची मुलं मात्र दिवाळीनंतर मेंढरांमागं कोकणात जायची, ती पावसाच्या तोंडावरच परत यायची. शाळेचा निकाल यांच्यामुळंच खाली येतो, असं निकम गुरुजी सगळ्यांसमोर म्हणत.

ऑगस्टमध्ये तपासणी ठरली. आदल्या दिवशी गुरुजींनी वस्तीवरच्या मुलांना तेवढं बाजूला बोलावलं.

"उद्या शाळेला सुट्टी आहे. कुणी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी कळस गावाच्या पुढं तपासणीला येणाऱ्या साहेबांची जीप वाट चुकली. उशिरा ती शाळेसमोर येऊन थांबली, तेव्हा साहेबांच्या मागोमाग सारजा उतरली. वस्तीवरचीच, सातवीतली.

"मेंढरं राखत होती. हिनंच वाट दाखवली," साहेब कौतुकानं म्हणाले. "पण काय हो गुरुजी, ही म्हणते आज शाळेला सुट्टी आहे?"

वर्ग मुलांनी भरला होता. पाढ्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. सारजानं एकदा वर्गाकडं पाहिलं, मग गुरुजींच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं. तिला सगळं कळलं.

तिनं मान खाली घातली.


"गुरुजींनी बरोबरच सांगितलं व्हतं, साहेब. मलाच समजलं न्हाय. मी ढ हाय."