पहिला वापर

लंडनच्या एका शब्दकोशात यंदा 'टिबल होणं' हा नवा शब्दप्रयोग छापायचं ठरलं. अर्थ होता, चारचौघांत रडू फुटणं.

"टिबल आमचं आडनाव आहे हो," समोर बसलेली बाई संपादक लेनर्डना म्हणाली. "माझी फर्न वर्गात रडली, तेव्हा पोरींनी काढलेला शब्द. तेवढा गाळा."

"बाईसाहेब, तो आता देशभर चालतो. शिवाय तो तुमच्या मुलीवरूनच आला, याला लेखी पुरावा काय?"

तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. जीव देण्याआधी फर्नने आईला लिहिलेली. तिच्यात तो शब्द चार वेळा होता.

लेनर्डनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, ही तर आमच्या सगळ्यात जुन्या नोंदीच्याही तीन वर्षं आधीची! पहिला वापर म्हणून आता फर्नचंच वाक्य छापू."