सगळ्यात बारीक कड्या

रिटायर झाल्यापासून आर्डन बायकोबरोबर, मार्लिसबरोबर, ट्राउट मासे पकडायला जाऊ लागला होता, आणि शेजाऱ्याच्या गुडघेदुखीपासून चीजच्या भावापर्यंत सगळं तिला ओढ्यावर ऐकवू लागला होता. यंदा हिवाळ्यात त्याने तळघरात बसून गळाची स्वतःची हलकी काठी बांधायला घेतली. पण दोरी ओवायच्या कड्या केवढ्या लावायच्या, यावर गाडं अडलं.

"सगळ्यात बारीक घे. काठी पिसासारखी होईल," मार्लिस म्हणाली.

"मग तुझ्या काठीला का गं बांगड्यांएवढ्या?"

"माझी आपली जुनीपुराणी. तू कारागीर माणूस!"

कारागीर फुगला. त्याने मसुराच्या दाण्याएवढ्या कड्या बांधल्या.

मार्चच्या गोठवणाऱ्या सकाळी विस्कॉन्सिनच्या ओढ्यात दोघं उभी राहिली. दोन-तीनदा गळ फेकला, तोच ओल्या दोरीचं पाणी आर्डनच्या बारीक कड्यांत गोठलं. बर्फ वितळवायला तो एकेक कडी तोंडात धरू लागला. मार्लिसची दोरी मात्र सुरळीत धावत होती.

"हे बघ मार्लिस, मी काय म्हणत होतो—"

"पुढची कडी गोठली बघ, आर्डन."

 

तो रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदाच मार्लिसला ओढ्याची खळखळ ऐकू आली.